पाण्याआधी जमीन : मुंबईच्या जलअभियंता खात्याची वाटचाल

पावसाळ्याचे चार महिने मुंबईच्या वर्तमानपत्रांत सात ओळींचा एक तक्ता येतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. प्रत्येकासमोर आजची पातळी, उपयुक्त साठा आणि गेल्या वर्षी याच तारखेला असलेला साठा. पातळी मोजतात ती ‘टाऊन हॉल डेटम’पासून, म्हणजे फोर्टातल्या जुन्या टाऊन हॉलच्या नावाने ठरलेल्या आधारपातळीपासून. तानसा १२८.६३ मीटरला भरतो, मोडकसागर १६३.१५ला, तुळशी १३९.१७ला आणि विहार ८०.१२ला. खात्यातल्या माणसांना हे आकडे घरच्यांच्या जन्मतारखांसारखे पाठ असतात.

सातही तलाव काठोकाठ भरले की साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज द्यावे लागते ते साधारण ३,९०० ते ४,००० दशलक्ष लिटर. भागाकार केला तर उत्तर एका वर्षाच्या आसपास येते. उन्हाने उडून जाणारे पाणी धरले तर त्याहूनही कमी. एक पावसाळा दुसऱ्या पावसाळ्याला जेमतेम गाठतो, आणि गाठला नाही की पाणीकपात येते. २००९ साली मुंबईने ती चांगलीच अनुभवली.

या तक्त्यात तुळशीची ओळ शेवटची. साठा ८,०४६ दशलक्ष लिटर, एकूण साठ्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. एकट्या भातसाचे ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मे. तरीही खात्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तुळशी आणि विहारच्या डोंगरातूनच करावी लागते. कारण या खात्याने पाण्याबरोबर जमीनही राखायची असते, हा धडा तिथेच पहिल्यांदा गिरवला गेला.

माझा स्वतःचा धडाही तिथलाच. नोकरीतल्या पहिल्या पावसाळ्यात मला तलावावर पाठवले होते. तिथल्या एका वयस्कर मुकादमांनी पहिल्याच दिवशी दोन ओढ्यांपाशी नेऊन उभे केले. एक जंगलातून येत होता, दुसरा रस्त्याच्या कडेने. “साहेब, दोन्हींत हात घाला,” ते म्हणाले. जंगलातल्या ओढ्याचे पाणी भर पावसातही नितळ होते, तळाचे गोटे दिसत होते. रस्त्याकडचे तांबडे, मातीने जड झालेले. “मामा, हे गाळता येईल की,” मी म्हणालो. “येईल ना,” मामा म्हणाले, “पण तलावात बसलेली माती कोण काढणार?” पुढे गढूळपणाचे एकक शिकलो, गाळ साचण्याची गणिते शिकलो. त्या उत्तराला छेद देणारे काही हाती लागले नाही.

त्याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिक्षूंनी खडकात पाण्याची टाकी कोरली, उतारावर चर खोदून पावसाचे पाणी त्यांत वळवले. दात्यांच्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कुणी पोढी दान दिली याची नोंद आहे. आमचे खाते त्या परंपरेचे वारस आहे असा दावा मी करणार नाही. मात्र पाऊस चार महिने धो धो पडतो आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडा राहतो, ही अडचण तीच होती आणि उपायाची जागाही तीच निघाली.

मुंबई बेटावर तेव्हा पाणी होते ते विहिरींचे आणि तळ्यांचे. तळी बुजली, नावे उरली: धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. दानशूर शेटियांनी बांधलेली ही तळी मार्च-एप्रिलपर्यंत तळ गाठत. १८५४च्या सुमारास पाऊस हात देईना, तेव्हा होड्यांतून, गाड्यांतून, नुकत्याच सुरू झालेल्या रेल्वेतून पाणी आणायची वेळ आली. शहरातली गुरे माहीमकडे हलवली गेली. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, पण मुंबईने नेमके तेच केले, आणि विहीर खणली ती शहराबाहेर कोसांवर.

ती खणणारा इंजिनीअर हेन्री कॉनीबेअर. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाही त्याचाच. साष्टीच्या डोंगरातून वाहणारी गोपर नदी, म्हणजे आजची मिठी, विहार गावापाशी अडवावी असे त्याने सुचवले. १८५६ला काम सुरू झाले, १८६०ला पाणी शहरात आले. मातीचे मुख्य धरण सुमारे ८४ फूट उंच, सोबत दोन लहान धरणे, आणि तिथून शहरापर्यंत ३२ इंची बिडाची वाहिनी. पंप नाही, वाफेचे इंजिन नाही. उतारावर पाणी आपल्या वजनाने चालत आले. रोजचा पुरवठा ३२ दशलक्ष लिटर. १८६४च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली, म्हणजे डोई चाळीस लिटरही नाही. विहारचे पाणी पोहोचले तेव्हाच ते अपुरे होते. पुढच्या दीडशे वर्षांत ही गोष्ट प्रत्येक योजनेबाबत खरी ठरत गेली.

अपुरेपणापेक्षा मोठा प्रश्न शुद्धतेचा होता. आजच्यासारखी गाळणी केंद्रे तेव्हा नव्हती, क्लोरीन नव्हते. तलावात जे उतरेल तेच नळात येणार. त्यामुळे तलावाभोवतीचा डोंगरउतारच गाळणी म्हणून वापरायचा, हाच मार्ग उरला. पाणलोटातली शेती, गुरे, वस्ती टप्प्याटप्प्याने हटवली गेली. विहारचा पाणलोट सुमारे १९ चौरस किलोमीटर, तुळशीचा पावणेसात. एवढ्या जमिनीवर कुणी नांगर धरायचा नाही, कुणी गुरे धुवायची नाहीत. त्या काळच्या इंजिनीअरांच्या डोक्यात जंगल राखण्याचा विचार फारसा नसावा, त्यांना पाणी हवे होते. पण जमीन मोकळी सोडली आणि जंगल आपोआप उभे राहिले.

तुळशीचे धरण बांधले ते रिएन्झी वॉल्टन यांच्या देखरेखीखाली, १८७९पर्यंत. सांडव्यावरून वाहणारे तिचे पाणी दहिसर नदीत जाते. विहार आणि पवईचे मिठीत. तलावाचे काम फक्त साठवण्याचे नाही, शहराच्या नद्याही तिथूनच निघतात, हे मुंबईला २६ जुलै २००५ रोजी कळले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी आपली विसरलेली जागा परत मागायला आली.

पवईची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती लाजिरवाणी असली तरी उपयोगाची आहे. १८९०च्या सुमारास पाण्याच्या टंचाईत घाईने हा तलाव बांधला गेला. पाणी पिण्यालायक राहिले नाही, आणि काही वर्षांतच पवई पिण्याच्या यादीतून गेला. विहारपासून पवई हाकेच्या अंतरावर. पाऊस तोच, दगड तोच. फरक होता तो भोवतालच्या जमिनीचा आणि तलावाच्या उथळपणाचा.

पालिकेचे कार्यकारी अभियंता मेजर हेक्टर टुलॉक यांनी १८७०च्या दशकातच सुचवले होते की मुंबईची तहान साष्टीच्या डोंगरांत भागणार नाही, शहापूरकडे जायला हवे. त्यांचे म्हणणे खरे ठरायला वीस वर्षे लागली. विल्यम क्लार्क यांनी तानसाचे धरण बांधून घेतले आणि १८९२ला पाणी सोडले गेले. लांबी सुमारे २,८०० मीटर, सगळे दगडी बांधकाम. एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक पावसाच्या पडद्यात दिसत नाही. पाथरवट, गवंडी, चुना मळणारे, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया: त्यांची नावे कुठल्याही शिळेवर नाहीत. इंजिनीअरांची आहेत, व्हाइसरॉयचे आहे. तानसाच्या भिंतीवर चालताना मला दर वेळी त्या निनावी हातांची आठवण होते. १९१५, १९२५ आणि १९४८ असे तीनदा तानसाचे काम वाढवले गेले. पावसाळ्यात तानसाचे ३८ दरवाजे ठराविक क्रमाने उघडणे आणि खालच्या गावांना आधी कळवणे हे काम आजही तिथल्या माणसांची झोप उडवणारे आहे.

नळ आला तरी विहिरी लगेच गेल्या नाहीत. लोकांचा विहिरीच्या पाण्यावर विश्वास होता, काहींना ते धर्मकार्याला लागत असे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला. शहरातल्या विहिरींतच हिवतापाचे डास वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मग विहिरी बुजवण्याची, निदान झाकण्याची मोहीम सुरू झाली. लोक चिडले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली. विहिरी बंद केल्यावर नळाने दगा दिला तर घराला दुसरा आधार नाही. १८८८च्या पालिका कायद्याने पाणीपुरवठा हे पालिकेचे बंधनकारक काम ठरवले होतेच, बुजवलेल्या विहिरींनी त्या बंधनाला वजन आणले.

स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ अभियंते ना. वि. मोडक यांचा. मुंबईच्या वाढीचा आराखडा त्यांनी नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर १९४८ला मांडला आणि त्याच सुमारास वैतरणेवरच्या धरणाची पायाभरणीही केली. १९५७ला तयार झालेल्या या धरणाच्या जलाशयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले: मोडकसागर. वैतरणा ब्रह्मगिरीच्या कुशीत, त्र्यंबकपाशी उगवते. त्याच डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते, वैतरणा पश्चिमेला. सत्तरच्या दशकात राज्य सरकारने इगतपुरी तालुक्यात अप्पर वैतरणा बांधले. तिथे आधी वीज निर्माण होते, मग पाणी नदीतून खाली येते. २०१४ला मोखाड्यातल्या कोचाळ्याचे मध्य वैतरणा धरण सुरू झाले: १०२ मीटर उंच, रोज ४५५ दशलक्ष लिटर. एका नदीवर एकाखाली एक तीन धरणे, आणि पाणी तिन्ही पायऱ्या उतरून मुंबईच्या वाटेला लागते.

भातसाची तऱ्हा वेगळी. धरणही राज्याच्या पाटबंधारे खात्याचे. पाणी नदीतून भिवंडी तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे ते उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. विहार, तुळशी, तानसा, वैतरणा उतारावर चालतात, भातसाला वर उचलावे लागते. म्हणून पडघ्याकडची वीज गेली की काही तासांत मुंबईत निम्म्या शहराचे पाणी ओसरते. १९८०नंतरच्या चार टप्प्यांत मिळालेल्या भातसाच्या पाण्यावर उपनगरे वाढली, आणि आज त्याच्याविना शहराचा विचारही करता येत नाही.

बाकीचे बरेचसे पाणी येऊन मिळते ते भांडुप संकुलात. १,९१० दशलक्ष लिटरचे शुद्धीकरण केंद्र ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर उभे राहिले तेव्हा आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होते. पुढे ९०० दशलक्ष लिटरचे आणखी एक झाले. तिथून पाणी बोगद्यांतून मलबार हिल, मरोशी, वेरावलीकडे जाते. मुंबईच्या पोटात खडकातून असे बोगदे काढणे हे खात्याचे गेल्या चाळीस वर्षांतले मोठे काम. वरच्या रस्त्यांवर पाइप टाकायला जागा उरली नाही, म्हणून खाली जावे लागले. ठाण्याच्या बाजूने गुंदवलीहून भांडुपला येणारा पंधरा किलोमीटरचा बोगदा जमिनीखाली शंभर मीटरहून खोल आहे. २०२३मध्ये एका ठिकाणी विंधन विहीर खणताना त्याला भोक पडले. बोगदा रिकामा करून दुरुस्त करायचा म्हणून तीस दिवस शहरावर पंधरा टक्के कपात लादावी लागली. वरून बघणाऱ्याला मोकळी जमीन दिसते, तिच्या खाली लाखो लोकांचे पाणी वाहत असते. पाइपची आणि जमिनीची निगा वेगळी करता येत नाही याचे इतके ताजे उदाहरण दुसरे नाही.

शहरातल्या लोकांना मात्र खाते भेटते ते चावीवाल्याच्या रूपात. मुंबईत चोवीस तास पाणी नाही. प्रत्येक विभागाला ठरलेले तास, आणि ते तास सांभाळतो हातात टी-आकाराची लांब चावी घेऊन भल्या पहाटे निघणारा माणूस. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, कोणत्या गल्लीच्या टोकाला दाब कमी पडतो, कोणत्या चाळीत पहिल्या मजल्यापर्यंतच चढते, हे त्याच्या मनगटात असते. नकाशात नसलेल्या कितीतरी गोष्टी त्याला ठाऊक. संगणकावर दाबाचे आलेख येऊ लागले याचा मला आनंदच आहे, पण निवृत्तीच्या आधी चावीवाल्यांकडून त्यांचे ज्ञान लिहून घेतले नाही तर ते कायमचे जाईल. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते काम सुरू व्हावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

खात्याच्या सेवेचा हिशेब मांडायचा तर कुणाला पाणी दिले एवढे सांगून भागत नाही, कुणाला दिले नाही हेही सांगावे लागते. वर्षानुवर्षे अनधिकृत ठरलेल्या झोपडपट्ट्यांना नळजोडणी मिळत नव्हती. लोक टँकरचे पाणी घेत, ड्रमाने विकत घेत, गळक्या वाहिनीशी हंडे लावत. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली आणि १५ डिसेंबर २०१४ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर अधिकृत आहे की नाही यावर तो अवलंबून नाही. २०२२ला पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. जोडण्या अजूनही मंदच मिळतात. पण ‘तुम्ही पात्र नाही’ हे उत्तर देणे आता खात्याला शक्य नाही, आणि ते कधी द्यायलाच नको होते.

तानसाच्या जुन्या वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंना हीच गुंतागुंत दिसते. घाटकोपरपासून माहीम-धारावीपर्यंत या अवाढव्य लोखंडी वाहिन्यांच्या कडेला माणसे राहत होती, त्यांच्यावर बसून अभ्यास करत होती, कपडे वाळत घालत होती. फुटक्या वाहिनीतून दूषित पाणी शिरण्याची भीती खरी होती, तोडफोड करणाऱ्यांपासूनचा धोकाही खरा होता. २००९ला न्यायालयाने वाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटरची पट्टी मोकळी करायला सांगितले. ती मोकळी करताना जी माणसे माहुलसारख्या ठिकाणी गेली, त्यांचे हाल वर्तमानपत्रांतून लोकांनी वाचले आहेत. मोकळ्या पट्टीवर पुढे सायकलमार्गाची योजना आली. जमीन राखायची तर तिथल्या माणसांना चांगले घर द्यावे लागते; ते न देता राखलेल्या जमिनीचे समाधान मला तरी होत नाही.

मुंबईच्या पाण्याने शहराला दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र नळात नाही, ती बोरिवलीच्या डोंगरात आहे. विहार-तुळशीचा राखलेला पाणलोट हाच पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्याचा भाग झाला. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, आणि १९९६पासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. कोट्यवधी माणसांच्या शहरात बिबटे, विहारच्या काठी उन्हात पडलेल्या मगरी, पावसाळ्यात उतारावरून फुटणारे ओढे. चारही बाजूंनी इमारती आल्या. तलाव पिण्याच्या पाण्याचे नसते तर हा डोंगर कधीच विकला गेला असता, असे मला ठामपणे वाटते. भूखंडाच्या बाजारात जंगलाच्या बाजूने बोलायला फार कमी शब्द असतात. ‘हे शहराचे पिण्याचे पाणी आहे’ हे त्यांतले एक, आणि ते दीडशे वर्षे टिकले.

तानसाचेही असेच. तलावाभोवतीचे साग, ऐन, बांबूचे रान १९७०ला अभयारण्य म्हणून जाहीर झाले. शहापूर आणि वाडा तालुक्यांत पसरलेल्या या अभयारण्यात २०१४ला वनपिंगळा दिसला. एक शतकाहून अधिक काळ जो नामशेष समजला जात होता आणि १९९७ला नंदुरबारकडे पुन्हा सापडला, तोच हा छोटा, दिवसा दिसणारा घुबडाचा नातलग. तो तानसात सापडला याची बातमी वाचताना मला खात्याचा कुठलाही बोगदा पूर्ण झाल्यावर झाला नसेल एवढा अभिमान वाटला.

शहरातही पाणी आणि हिरवाईचा हा धागा आहे. मलबार हिलचा जलाशय शतकाहून जुना. त्याच्या छतावर मातीत फुललेली बाग म्हणजे हँगिंग गार्डन, फिरोजशहा मेहता उद्यान. मुले खेळतात त्या गवताखाली दक्षिण मुंबईचे पाणी साठवलेले आहे. जलाशय पाडून नवा बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा शेकडो झाडे जाणार होती. नागरिकांनी प्रश्न विचारले, आयआयटीच्या तज्ज्ञांसह समिती बसली, जलाशय आत उतरून तपासला गेला आणि दुरुस्ती करून चालेल असे ठरले. खात्याला लोकांनी असे अडवले की सुरुवातीला वाईट वाटते. मीही त्या खुर्चीत बसलो असतो तर कदाचित चिडलो असतो. पण भिंती तपासल्या गेल्या, झाडे राहिली, पाणी सुरू राहिले. खात्याच्या इतिहासात हा निर्णय मोडकसागराइतक्याच ठळक अक्षरांत लिहावा.

आता गारगाईकडे येतो, कारण ही स्मरणिका छापून होईपर्यंत तोच प्रश्न सगळ्यांसमोर असेल. वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधून रोज ४४० दशलक्ष लिटर आणायची योजना आहे. जलाशय ज्या जमिनीवर पसरेल त्यातला मोठा भाग तानसा अभयारण्याचा. झाडांची संख्या लाखांत, काही गावे पाण्याखाली. मध्यंतरी ही योजना बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा विचार पुढे आला, मग गारगाई परत आली. मनोरीचे पाणी महाग पडेल हे खरे. पण शहरात येणाऱ्या पाण्यातला चौथ्या हिश्श्याच्या वरचा भाग गळती आणि चोरीत जातो. म्हणजे रोज हजार दशलक्ष लिटरच्या आसपास. दोन गारगाईंपेक्षा जास्त. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा इथे २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी सात केंद्रे उभी राहत आहेत. त्यांतले पाणी कारखान्यांना, उद्यानांना, शौचालयांना वापरले तर पिण्याच्या पाण्यावरचा भार तेवढा उतरेल. ज्या खात्याने तानसाचे जंगल एक शतक राखले त्याने ते स्वतःच्या हाताने बुडवण्याआधी स्वतःचे पाइप दुरुस्त करावेत, असे माझे मत आहे. खात्यातल्या काही तरुण अभियंत्यांशी बोलताना हेच मत मी ऐकले आणि बरे वाटले.

आणि शहापूर. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा यांचे पाणी ज्या भागातून येते तिथल्या ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातल्यांना हे कळत नाही की धरण शेजारी असताना असे कसे. कारण सरळ आहे. धरण खोऱ्याच्या तळाशी असते, पाडे डोंगरावर. पाणी मुंबईच्या दिशेने आपल्या वजनाने उतरते, पाड्यापर्यंत मात्र कुणीतरी उचलून न्यावे लागते, आणि तो खर्च कधी कुणी आपला मानला नाही. आता शहापूरच्या गावांना पाणी मिळावे म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून योजना आखली गेली आहे: भावली उंचावर आहे, पाणी उतरत येईल. भातसाच्या काठच्या माणसाला इगतपुरीचे पाणी यावे याला इंजिनीअरी उत्तर आहे. मुंबईच्या नळाचे या गावांवर असलेले देणे मात्र त्या उत्तराने फिटत नाही. मुंबई महापालिका वाटेवरच्या ठाणे-भिवंडीला काही पाणी देते. शहापूरच्या पाड्यांच्या विहिरी, झरे, लहान बंधारे यांची देखभाल आणि पाणलोटातल्या जंगलाची राखण यासाठी खात्याने दरवर्षी पाणीपट्टीतून एक ठरलेला हिस्सा वेगळा काढावा, आणि ते काम तिथल्याच लोकांच्या हातून करून घ्यावे. जंगल राखायला लागणारी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

विहार आणि तुळशी ही मुळात गावांची नावे. तलाव भरले आणि नावे पाण्याला चिकटली. वैतरणा, तानसा, भातसा या नद्यांवरच्या जलाशयांखाली अशी कितीतरी शेते आणि वाड्या गेल्या. खात्याच्या दप्तरात भूसंपादनाचे जुने कागद आहेत, त्यांत गावांची नावे आहेत, खातेदारांची नावे आहेत. या स्मरणिकेच्या पुढच्या भागात जलाशयांच्या तक्त्याखाली त्या गावांची यादी छापावी, तालुक्यासह. कागद काढून द्यायला मी तयार आहे.